मोबाइल-एकादशी : व्रतविधी, फराळ आणि उद्यापन

चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक वांगी सोडत आले, कांदा-लसूण सोडत आले आणि ज्यांना मुळात आवडतच नाही असे गृहस्थ दरवर्षी न चुकता कारलं सोडत आले. अलीकडे सोडायच्या पदार्थांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती खाता येत नाही, पण जेवताना लागतेच. तिचं व्रत कसं करावं हे कुठल्याच पोथीत दिलेलं नसल्याने भाविकांची फार गैरसोय होते. ती दूर व्हावी म्हणून हे मार्गदर्शन.

पहिला प्रश्न अधिकाराचा. सकाळी डोळे उघडल्यावर जो चष्म्याच्या आधी फोन चाचपतो आणि मग फोनच्या उजेडात चष्मा शोधतो, त्याने हे व्रत करावं. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की जिला घरच्यांपेक्षा चार्जर जवळचा वाटू लागतो, तिने करावं. फोन टेबलावर असताना ज्याच्या मांडीला थरथर जाणवते, त्याने तर चुकवूच नये. जो संडासात फोन नेत नाही त्याला अधिकार नाही. तो मुक्त जीव आहे, त्याने इतरांना आशीर्वाद द्यावेत. (नेणाऱ्यांना एक सांगणं : आतून ‘मीटिंगमध्ये आहे’ असं सांगू नये. फरशीमुळे आवाज घुमतो आणि पलीकडच्याला सगळं कळतं.) फोनपायी ज्यांची झोप, शिक्षण किंवा नोकरी खरोखरच धोक्यात आली आहे, त्यांनी मात्र व्रताच्या भानगडीत पडू नये. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने त्यांच्यासाठी २०१४ साली स्वतंत्र दवाखाना सुरू केला. तिथे डॉक्टर असतात. इथे नुसते आम्ही आहोत.

व्रत घेण्याआधी दैवताचं स्वरूप नीट समजून घ्यावं. हे दैवत जागृत आहे, नवसाला पावतं, पण कधी पावेल ते सांगत नाही आणि त्याचं सगळं सामर्थ्य या न सांगण्यातच आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना चोच मारून दाणा मिळवायला शिकवलं. ठरावीक चोचींनंतर दाणा मिळत असेल, तर कबुतर दाणा गिळून जरा दम खाई. पण तोच दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा केला की कबुतर थांबायचं नाव घेईना. त्याला अंगठा नव्हता, एवढाच काय तो फरक. पुढे लॉरेन ब्रिक्टर या प्रोग्रामरने आपल्या ट्वीटी या अ‍ॅपमध्ये पडदा बोटाने खाली ओढून ताजा करायची सोय आणली. ओढा, सोडा, काय येतंय ते बघा. काही आलं नाही? परत ओढा. त्याच्याही आधी, २००६ साली, एझा रास्किन या तरुणाने तळच नसलेलं पान तयार केलं होतं. आपलं वर्तमानपत्र खेळाच्या पानाशी संपतं, पुस्तकाला मलपृष्ठ असतं, पूर्वी दूरदर्शनच्या बातम्यासुद्धा नमस्कार करून संपायच्या. रास्किनने तो नमस्कारच काढून टाकला. नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला आणि त्याने तो जाहीरपणे बोलूनही दाखवला. आपण तो स्क्रोल करता करता वाचला.

आता संकल्प. संकल्प मनातल्या मनात सोडला तर फळत नाही, तो चारचौघांत सांगावा लागतो. हल्ली त्याची रूढ पद्धत अशी : व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला मावळत्या सूर्याचा फोटो लावावा आणि खाली लिहावं, ‘काही दिवस सोशल मीडियापासून दूर. अर्जंट असेल तर कॉल करा.’ मग दर दहा मिनिटांनी स्टेटस कोणी कोणी पाहिलं ते पाहावं. जाऊबाईंनी पाहिलं का? ऑफिसातल्या कुलकर्ण्यांनी? पाहूनही कोणी काहीच कसं बोललं नाही? एकाने तरी ‘काय झालं रे, सगळं ठीक ना?’ विचारायला हवं होतं. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप नाहीसं होतं. संकल्पाचंही तसंच होतं, त्यामुळे तो मोडल्याचं पाप लागत नाही.

साहित्य फार नाही. गजराचं एक घड्याळ, किल्लीचं किंवा सेलचं, कसंही चालेल. घड्याळ अशासाठी की ‘गजराला लागतो ना’ हे फोन उशाशी ठेवण्याचं सर्वांत सज्जन कारण आहे आणि पहिला घाव त्याच्यावर घालायचा असतो. तारीख-तिथी बघायला भिंतीवरचं कालनिर्णय. ते १९७३पासून निघतं आहे, त्यावर दुधाचा हिशेब लिहिता येतो आणि लिहिताना ते मध्येच बुटांची जाहिरात दाखवत नाही. झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा, रव्या-पोह्यांचा असतो तसा. एक साधं मनगटी घड्याळ; पावलं मोजणारं नको, कारण तेही शेवटी फोनचंच भावंड. आणि दहा-वीसच्या सुट्या नोटा. या शेवटच्या वस्तूवाचून व्रत सिद्धीस जात नाही, ते का हे फराळाच्या प्रकरणात येईल.

कारण उपवास म्हटला की फराळ आला. एकादशीला भात चालत नाही, पण साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचे पापड आणि वरून राजगिऱ्याचा लाडू चालतो. मोबाइल-एकादशीलाही शास्त्राने अशीच उदार मुभा ठेवली आहे. ओटीपी चालतो. गॅसचं बुकिंग चालतं. मुलांच्या शाळेचा ग्रुप चालतो, कारण उद्या पिवळा टी-शर्ट घालून पाठवायचा की निळा, हे तिथे रात्री साडेदहाला कळतं. ऑफिसची मेल चालते. साहेबांना एकादशी नसते. नकाशा, हवामान, कॅल्क्युलेटर, टॉर्च, पंचांगाचं अ‍ॅप, सोसायटीच्या फाटकावर कोण आलं ते सांगणारं अ‍ॅप, हे सगळं सात्त्विक. आणि यूपीआय तर काय, त्याच्याशिवाय कटिंग चहासुद्धा मिळत नाही. एवढा फराळ झाल्यावर जे उरतं ते सोडायचं. पूर्वजांनी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून ठेवलं ते उगीच नाही.

यातला यूपीआय दिसायला साबुदाण्यासारखा शुभ्र, पण पोटात गेल्यावर कळतो. त्याचा एक प्रयोग सविस्तर देतो, म्हणजे व्रतकर्त्याला धोक्याची जागा कळेल.

स्थळ : कोपऱ्यावरची भाजीवाली. खरेदी : कोथिंबिरीची एक जुडी. रक्कम : वीस रुपये. व्रतकर्ता पिशवी मनगटाला अडकवतो आणि शुद्ध हेतूने फोन काढतो. कुलूप उघडतं. चौकोनी कोडसमोर फोन धरणार तेवढ्यात वरून एक पट्टी घरंगळत येते : ‘आत्याकडची मंडळी’ या ग्रुपवर फोटो आले आहेत. नुसतं बघायचं, उत्तर द्यायचं नाही, असं ठरवून तो पट्टीवर बोट ठेवतो. बारसं आहे. पाळण्यापेक्षा फुगे जास्त आहेत. चौथ्या फोटोत आत्याच्या शेजारी मोरपंखी साडीत कोण बरं? चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही. बायकोला विचारायला तो फोटो पुढे पाठवतो. तिचं उत्तर येईपर्यंत रिकामं कशाला उभं राहायचं म्हणून अंगठा आपसूक शेजारच्या रंगीत चौकोनावर जातो. तिथे एक गृहस्थ तव्याला हात न लावता थालीपीठ उलटतोय. त्याच्याखाली एक मांजर हार्मोनियमवर चालतंय. त्याच्याखाली निवृत्तीसाठी किती पैसे लागतात ते एक पंचवीस वर्षांचा मुलगा सांगतोय आणि तो आकडा ऐकून व्रतकर्त्याच्या तोंडचं पाणी पळतं.

‘दादा, वीस रुपये.’

‘हो मावशी, जरा नेटवर्क गेलंय.’

नेटवर्क कुठेही गेलेलं नसतं. दादा गेलेले असतात. मागे एक आजोबा दोडका हातात धरून उभे असतात. शेवटी पैसे जातात, टोपलीशेजारचा लाल-निळा डबा अख्ख्या चौकाला वीस रुपये मिळाल्याचं खणखणीत आवाजात सांगतो आणि फोनवर चकाकणारं कार्ड उघडतं : अभिनंदन, इथे घासा आणि बक्षीस जिंका! (कबुतर, दाणा. वर पाहा.) घासल्यावर कळतं की तीन हजारांच्या हेडफोनवर दोनशे रुपये सूट मिळाली आहे. तिचा विचार करत करत व्रतकर्ता घरी पोहोचतो आणि आतून विचारणा होते, ‘कोथिंबीर कुठाय?’

कोथिंबीर टोपलीवरच राहिलेली असते. म्हणून म्हणतो, खिशात वीसची नोट ठेवावी. नोटेवर पट्ट्या घरंगळत नाहीत.

काही आधुनिक भक्तांचा यंत्रावर फार विश्वास असतो. २०१८ साली गुगल आणि अ‍ॅपल या दोघांनीही फोनमध्येच वेळेचा पहारेकरी बसवला. तुम्ही ठरवायचं की रील्स दिवसाला अर्धा तास. अर्धा तास झाला की पडद्यावर सूचना येते, आजची मर्यादा संपली. आयफोनवर त्याच सूचनेच्या खाली, अंगठ्याच्या टप्प्यात, दुर्लक्ष करायचं बटणही असतं : आणखी पंधरा मिनिटं, किंवा आज दिवसभर आठवण करू नका. इतका समजूतदार पहारेकरी शनिवारवाड्यालाही लाभला नसेल. आठवड्याचा अहवालही मिळतो, तो अर्थात फोनवरच, आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवायची प्रथा आहे. ज्याचे तास कमी भरतात त्याच्याकडे लोक संशयाने बघतात. दुसरा फोन असणार.

दुसरी शिफारस असते पडदा करडा करण्याची. रंग गेले की मोह जातो, म्हणे. काही जणांना गुण येतो, नाही असं नाही. लाल ठिपका राखाडी झाला की त्याचा रुबाब निम्मा होतो. पण फार भिस्त ठेवू नये. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तो रंगाशिवाय आणि आवाजाशिवायच, आणि लोकांनी तो पैसे देऊन पाहिला. माणसाला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते दिसलं की पुरे. रंगाची त्याची सक्ती नाही.

आता ताटाकडे वळू. कुठल्याही मध्यमवर्गीय घरात रात्री नऊ वाजता डोकावलं तर हे दृश्य दिसतं. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा आहे. उजवा हात आमटी-भातात आहे. डाव्या हाताने जेवू नये हा संस्कार लहानपणापासून पक्का असल्याने तो मोकळाच, आणि पूर्वजांनी तो याच कामासाठी राखून ठेवला असावा. कधी डाव्यात वाटी असते. मग उजव्या हाताची करंगळी, जिला अजून आमटी लागलेली नाही, अलगद बाहेर काढून तिने पडदा वर सरकवला जातो. पडद्याच्या उजव्या कडेला तुपाचा जो पुसट पट्टा दिसतो तो हाच. समोर नातू कार्टूनच्या तालावर घास घेतोय. व्हिडिओ अडकला की तोंडही अडकतं. कोपऱ्यात आजी मोठ्या आवाजात कीर्तन ऐकतायत. त्यांना कोणी फोन ठेवायला सांगितलं तर उत्तर तयार असतं : ‘मी फोन नाही बघत, मी बुवांचं ऐकत्ये.’ बुवांच्या मध्येच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागते, तीही त्या हात जोडूनच ऐकतात.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत व्रताचे नियम सौम्य ठेवावेत. एक विनंती मात्र जरूर करावी, ती सुप्रभातची. २०१८च्या जानेवारीत बातमी आली होती की भारतातले फोन सारखे का तुंबतात याचा शोध घेताना गुगलच्या संशोधकांना पहाटे पहाटे धाडलेली फुलं, सूर्योदय आणि सुविचार सापडले. त्याच वर्षी अफवांना आळा घालायला व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं. ज्येष्ठ नागरिक डगमगले नाहीत. पाच-पाचच्या हप्त्यांनी गुलाब पाठवणं सुरू राहिलं. त्यांना विनंती एवढीच, की ज्याला रोज गुलाब पाठवता त्याला आठवड्यातून एकदा फोन लावून बोला. त्याचा गुलाब बघायचा वेळ वाचेल आणि तुमची तब्येत कशी आहे ते त्याला फुलावरून ताडावं लागणार नाही.

इथवरचे उपाय एकेकट्याने करायचे झाले आणि एकेकट्याने केलेले म्हणूनच ते बहुतेक फसतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका बाजूला पगारी इंजिनियरांची फौज आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर राबून आलेला एक माणूस, तोही कोचावर आडवा. याला सामना म्हणत नाहीत. सामुदायिक व्रताचा आपल्याकडचा ठळक दाखला सांगली जिल्ह्यातला आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात कोविडनंतर शाळा पुन्हा भरल्या, पण मुलं फोनमधून बाहेर येईनात. सरपंच विजय मोहिते यांनी घरोघरचे फोन आणि टीव्ही रोज ठरावीक वेळ बंद ठेवायची कल्पना मांडली, तेव्हा आधी पुरुषांनी चेष्टा केली. मग बायकांची बैठक झाली आणि तिथे गाडी पुढे सरकली. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरलं : संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार, की फोन आणि टीव्ही बंद, साडेआठला परत चालू. तेवढ्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला घरोघर जाऊन बघावं लागलं, कोण कुठे लपून मालिका बघतंय ते.

भोंग्याला दुर्लक्ष करायचं बटण नाही, ही त्याची पहिली थोरवी. दुसरी अशी, की सगळ्यांचेच फोन बंद असल्यावर मेसेज येणार कोणाचा? आपण नसताना तिकडे काहीतरी मोठं घडत असेल, ही जी रुखरुख असते तिला जागाच उरत नाही. तिकडे कोणी नाहीच. सगळे इकडे ओट्यावर बसलेत.

हाच प्रयोग शहरातल्या सोसायटीत करायचा झाल्यास काय होतं, तेही सांगून ठेवतो. प्रस्ताव सोसायटीच्या ग्रुपवर येतो. पहिलं उत्तर : ‘छान कल्पना.’ दुसरं : ‘सातला माझा योगा ऑनलाइन असतो, आठ करा.’ तिसरं : ‘आठला क्रिकेट आहे.’ मग मतदान घेतलं जातं. बी विंगला मतदानाची सूचनाच मिळालेली नसते. कोणीतरी विचारतं, भोंग्याचा खर्च देखभाल निधीतून का? पार्किंगचा जुना वाद इथे प्रवेश करतो. फोन बंद ठेवण्याच्या प्रस्तावावर मध्यरात्रीपर्यंत सगळ्यांचे फोन चालू राहतात आणि सकाळी सचिव ग्रुप सोडून गेल्याची ओळ दिसते.

तेव्हा सोसायटीच्या नादी न लागता भोंगा घरापुरता ठेवावा. कुकरची तिसरी शिट्टी हा उत्तम भोंगा. ती झाली की घरातले सगळे फोन आवाज बंद करून स्टीलच्या डब्यात. आधी मोठ्यांचे, मग मुलांचे. हा क्रम चुकला तर व्रत मोडलं असं समजावं, कारण बापाच्या हातात फोन आणि तोंडात ‘फोन ठेव’ हा मंत्र असेल तर तो कोणत्याच मुलावर चालत नाही. डबा ओट्यावर, चार्जरही तिथेच. चार्जर बेडरूममधून हलवणं ही एवढी एकच गोष्ट ज्याला जमली त्याने बाकीचं काही केलं नाही तरी चालेल. रात्री तहान लागून उठलेला माणूस डब्यापाशी दोन मिनिटं घुटमळतो, पाणी पितो आणि परत झोपतो. पांघरुणातल्या माणसाला ही संधी मिळत नाही.

पारणं दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर, दात घासून, चहा झाल्यावर. एकदम सगळं उघडू नये, उपाशी पोटाला सोसत नाही. साचलेले शे-दोनशे मेसेज वरवर चाळावेत. तीन जणांचे वाढदिवस, एका अनोळखी जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, हळदीचे गुण, एक जुनाच भूकंप नव्याने, आणि कोणीतरी पाठवून लगेच पुसून टाकलेलं काहीतरी, ज्याची चुटपुट दिवसभर लागते. त्यातला कामाचा निरोप एकच असतो : उद्या पाणी येणार नाही. तो शेजारच्या काकूंनी काल संध्याकाळीच जिन्यात सांगितलेला असतो.

राहता राहिलं उद्यापन. व्रत महिनाभर टिकलं तर करावं, त्याआधी नाही. एका मेहुणाला जेवायला बोलवावं. ज्यांच्याशी वर्षभर नुसते अंगठे आणि हात जोडलेली चित्रं चाललेली आहेत असं मेहूण शोधावं, ते सहज सापडेल. आमंत्रण फोन करून द्यावं. पानं वाढल्यावर डबा मधोमध ठेवून यजमानांनी आपला फोन आधी त्यात टाकावा, मग पाहुणे लाजेकाजेस्तव टाकतात. पुरणपोळीवर तूप सोडलं की फोटो काढायची तीव्र इच्छा होईल, ती आवरावी. आवरली नाहीच तर काढा बापडे, पण निदान मला पाठवू नका.